न सुटलेली गोळी

सरांनी माझ्या पिस्तुलाच्या नळीवर झेंडूचं फूल ठेवलं.

"हं. आता हे पडायच्या आत ट्रिगर दाबून दाखव," म्हणाले.

पिस्तूल रिकामं होतं. माझा हात सरळ समोर. मागं खुर्च्यांवर पन्नासेक माणसं. खंडेनवमीचा दिवस, सगळे नटूनथटून आलेले. झेंडू असतो गोल. नळीही गोल. गोलावर गोल टिकत नाही हे बालवाडीतल्या पोरालाही कळेल. त्यात माझा हात असा थरथरत होता की नाणंसुद्धा राहिलं नसतं. फूल पडलं. सरांनी दुसरं ठेवलं. तेही पडलं. मग तिसरं.

"फूलवालीच्या हातात फूलसुद्धा राहीना," सर म्हणाले, "पिस्तूल काय राहणार!"

लोक हसले.

दाराशी माझी आई बसली होती. पुढ्यात उरलेल्या फुलांची पाटी. तिला लांबून एवढंच दिसलं, की एवढे मोठे सर आपल्या पोरीच्या हत्याराला फूल वाहतायत. तिला वाटलं, पूजाच चाललीय. तिनं पदर डोक्यावर सारखा केला आणि हात जोडले.

मग लोक आणखी हसले.

हे आधीच सांगून टाकलं, कारण पुढं मला माझी चूकही सांगायची आहे. लहानसहान नाही, मोठी चूक. एखाद्याचा डोळा गेला असता अशी. ती झाकून मला कुणाची दया नको.

आम्ही नाशिकजवळच्या मातोरीचे. जातीनं माळी आणि धंद्यानंही माळी. झेंडू, शेवंती, मधल्या सऱ्यांत मेथी-कोथिंबीर. वडील शेत बघतात, आई नाशकात फुलं विकते. मी कॉलेजात एनसीसीत होते. कॅम्पात पाच गोळ्या मारायला दिल्या, पाचही एका रुपयाएवढ्या जागेत बसल्या. तिथले साहेब म्हणाले, "हिला कुणीतरी नीट शिकवा." त्या एका वाक्याच्या जिवावर मी गंगापूर रोडच्या नेमबाजीच्या क्लबात जाऊन उभी राहिले.

मला पिस्तूलच हवं होतं. रायफलला खांद्याचा आधार असतो. पिस्तूल एका हातावर. दुसरा हात खिशात. जे काय आहे ते तुझ्या मनगटात आहे, बाकी कुणी मदतीला येणार नाही. मला ते फार आवडलं होतं.

तिथले सर एकेकाळी राज्याकडून खेळलेले. पन्नाशीचे, इस्त्रीचे, आवाज खणखणीत. त्यांनी माझा फॉर्म वाचला. वडिलांचा व्यवसाय या ओळीवर बोट ठेवलं.

"फुलशेती? अरे वा! मग दसऱ्याची फुलं तुमच्याकडूनच."

एवढीच माझी मुलाखत. मला वाटलं, आपुलकी आहे. घरी येऊन मी ते हौसेनं सांगितलं. आई म्हणाली, "देऊ की. आपल्याकडं दुसरं काय आहे?"

क्लबात दोन प्रकारची मुलं होती. एक, स्वतःचं पिस्तूल असलेली. परदेशी पिस्तुलं, आतून मखमल लावलेल्या पेट्या, पेटी उचलायला ड्रायव्हर. त्यांची बॅच संध्याकाळी. सर त्यांच्या मागं उभे राहायचे, खांद्याला हात लावायचे, मनगट जरासं इकडं, जरासं तिकडं करायचे, कानात काहीतरी सांगायचे. दुसरी, आम्ही. क्लबाची तीन जुनी एअर पिस्तुलं, हवेच्या दाबानं छर्रा मारणारी, लोखंडी कपाटात असायची. त्यांची मूठ कुणा तिसऱ्याच्याच हाताच्या मापाची. आमची वेळ दुपारी दोन ते चार. तेव्हा सर जेवायला घरी. शिपाई कपाट उघडून द्यायचा आणि निघून जायचा. सुरुवातीला आम्ही तिघं होतो. दोघं कंटाळून गेले. मी राहिले.

म्हणजे मला शिकवलं कुणी? कुणीच नाही. चारनंतर मी घरी जायचे नाही. व्हरांड्यात उभी राहून काचेतून संध्याकाळची बॅच बघायचे. कोण पाय कसे ठेवतो, श्वास कुठं सोडतो, हात वर नेऊन कसा खाली आणतो. शेवटच्या बसपर्यंत बघायचे आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तसंच करायचे. पण काचेतून हात दिसतात. शब्द ऐकू येत नाहीत. सर काय सांगतायत ते मला कधी कळलं नाही. पुढं जे झालं ते या न ऐकलेल्या शब्दांपायी झालं.

एकदा धीर करून विचारलं होतं, "सर, माझ्या गोळ्या सारख्या खाली डावीकडं जातात. काय चुकतं?"

"आधी दहा हजार मार. मग बोलू."

मी खरंच मोजायला लागले. वेडी. चुकीच्या पद्धतीनं दहा हजार मारल्या तर चूकच पक्की होते, हे मला कोण सांगणार? वर सरांची भीती. त्यांची गाडी फाटकातून आत वळली की माझं मोजणं चुकायचं. ते खोलीत असले की माझी गोळी कागदाच्या पांढऱ्या कडेला जायची, नसले की मधल्या काळ्या ठिपक्यात. मला वाटायचं, शिस्त म्हणजे हीच. गुरूला भ्यायचंच असतं.

खंडेनवमीला आई आणि मी सकाळी सातलाच क्लबात पोचलो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी फूलवाली बाई बाजार सोडून येते म्हणजे काय, ते फूलवाल्यांनाच कळेल. वर्षाचा धंदा त्या दोन दिवसांत असतो. आई जागा शेजारणीवर सोपवून आली होती. आम्ही तोरणं बांधली, खांबांना माळा गुंडाळल्या. टेबलावर लाल कापड अंथरलं. त्यावर सगळी परदेशी पिस्तुलं ओळीनं मांडली. गुरुजी आले, मंत्र झाले, नारळ फुटला.

क्लबाची तीन पिस्तुलं कपाटातच होती.

"सर, ती काढू का?" मी विचारलं.

"ती कशाला? राहू दे."

माझ्या मनाला ते लागलं. आमच्या घरी या दिवशी सगळ्याची पूजा होते. विळे, खुरपी, कुदळी, फवारणीचा पंप, आईचा तराजू. हा विळा बोथट झालाय म्हणून याला कुंकू लावू नका, असं कुणी म्हणत नाही. ज्यानं हाताला काम दिलं त्याला वर्षातून एकदा नमस्कार करायचा, एवढंच आम्हाला माहीत. माझ्या वाट्याला येणाऱ्या त्या तीन नंबरच्या पिस्तुलानं मला दीड वर्ष सांभाळलं होतं. लोक प्रसादाला गेले तशी मी कपाट उघडलं. पिस्तूल बाहेर घेतलं. ओल्या बोटानं कुंकू लावलं, चिमूटभर अक्षता वाहिल्या, फूल ठेवलं, डोकं टेकवलं. छर्रा ठेवायची वरची खाच उघडी होती. अक्षतेचा एक दाणा त्यात गेला. मला दिसला नाही.

ही पहिली चूक. श्रद्धेनं केली. पण चूकच.

प्रसादानंतर पाहुण्यांपुढं मुलांनी एकेक करून पाच-पाच गोळ्या मारायच्या होत्या. शेवटी सरांनी मलाही बोलावलं. "आमच्याकडं सगळ्यांना संधी असते," पाहुण्यांकडं बघून म्हणाले. मी तीन नंबर घेऊन उभी राहिले. छर्रा ठेवला, खाचेवरचं झाकण लावायला गेले तर लागेना. अडत होतं. मला तेव्हाच थांबायला हवं होतं. पण मागं पन्नास माणसं आणि सर. अडतंय म्हणाले असते तर सगळ्यांदेखत बोलणी बसली असती. मी अंगठ्यानं जोर लावला. झाकण बसलं. हात वर नेला, खाली आणला, दाबलं.

फुस्स.

कागदावर काही नाही. छर्रा आतच.

आणि मी वळले.

पिस्तुलासकट वळले. आख्खी. "सर, सुटली नाही," म्हणत. नळी भिंतीवरून खुर्च्यांवर आली आणि पुढच्या रांगेतल्या एका लहान मुलीवर थांबली. सहा वर्षांची असेल. पिवळा फ्रॉक. हातात अर्धा पेढा. ती माझ्याकडं बघून हसत होती.

माझं बोट ट्रिगरवरच होतं.

कुणीतरी बाई किंचाळली. सरांनी झडप घालून पिस्तूल हिसकावलं, नळी जमिनीकडं केली, झाकण उघडलं. टाचणीनं आधी छर्रा काढला, मग तो दाणा, आणि चिमटीत धरून सगळ्यांना दाखवला.

"अक्षता! हिनं पिस्तुलाला हळदीकुंकू केलं वाटतं!"

भ्यालेली माणसं हसायला निमित्तच शोधत असतात. सगळे सुटल्यासारखे हसले. स्वतः सर तासाभरापूर्वी सोवळं नेसून पिस्तुलांपुढं बसले होते, ते कुणाला आठवलं नाही. त्यांची पूजा ती परंपरा. माझी पूजा ती अडाणीपणा. मग त्यांनी रिकामं पिस्तूल माझ्या हातात परत दिलं, आईच्या पाटीतून मूठभर झेंडू मागवला, आणि तो फुलाचा खेळ केला.

त्या मुलीला कुणी विचारलं नाही, घाबरलीस का. मला कुणी विचारलं नाही, का वळलीस. आणि गोळी सुटली नाही तर काय करायचं असतं, ते तर त्या दिवशीही कुणी सांगितलं नाही.

बसमध्ये आई खुशीत होती. "सर चांगले आहेत गं. सगळ्यांदेखत तुला फुलं वाहिली."

मी म्हणाले, "हो."

नंतर मी क्लबात गेले नाही. कुणी बोलावलंही नाही. माझे हात कामातून गेले. हार करताना सुई बोटात जायची. चहाचा कप बशीत वाजायचा. दिवाळीत गल्लीतली पोरं टिकल्यांचं पिस्तूल घेऊन खेळायला लागली की मी घरात जाऊन दार लावून बसायचे. पिवळा फ्रॉक दिसला की माझे पाय जागच्या जागी थांबायचे. मनात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा यायची. दाणा तेव्हाच सरकला असता तर? बोट आणखी थोडं दाबलं गेलं असतं तर? मला स्वतःची भीती वाटायला लागली होती. आपण पिस्तूल धरायच्या लायकीचेच नाही, सर म्हणाले ते खरं, असं मी मनोमन कबूल करून टाकलं होतं. आज त्याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो. त्यांनी म्हटलं ते म्हटलं, मी मान्य कसं केलं?

माघात आमचा फवारणीचा पंप बिघडला. वडिलांनी मला मखमलाबाद नाक्यावर पाठवलं. तिथं पंप दुरुस्त करणारे एक काका आहेत. मूळचे कळवणचे. फौजेत पंचवीस वर्षं बंदुका दुरुस्त करण्यात घालवलेली, आता पंप, मोटारी, कुलपं, येईल ते. दुकान म्हणजे पत्र्याची टपरी. सगळे त्यांना फौजी काका म्हणतात.

काकांनी पंप हातात घेतला. आधी फवारणीची दांडी भिंतीकडं केली. मग दाब सोडला. मग पुन्हा खटका दाबून बघितला, काही उरलं नाही ना. मग पाना घेतला.

"एवढं कशाला काका? रिकामाच आहे," मी म्हणाले.

"रिकामं हाय असं तू म्हणती. पंपानं कुठं सांगितलंय?" काका म्हणाले. "आधी तोंड भिंतीकडं. मग बाकीचं."

मला काय झालं कळलं नाही. मी तिथंच दुकानाच्या पायरीवर बसले आणि रडायला लागले. मग सगळं सांगितलं. दाणा, फुस्स, वळणं, पिवळा फ्रॉक. कुणालाच सांगितलं नव्हतं ते.

काकांनी पहिला प्रश्न विचारला, "बोट कुठं होतं?"

"ट्रिगरवर."

"हं."

ते पंपाचं वायसर घासत बसले. असू दे म्हणाले नाहीत, रडू नको म्हणाले नाहीत.

"नळी तू फिरवली. ती चूक तुझी. मरेपर्यंत विसरू नको." मग म्हणाले, "आता सांग, गोळी नाय सुटली तर काय करायचं, हे तुला कुणी शिकवलं होतं?"

"नाही."

"मग ती चूक त्याची. त्याची तू कशाला वागवती? दोन्ही एका गोणीत भरू नको. तुझी तुला, त्याची त्याला."

"पण मी वळायला नको होतं."

"नकोच होतं. का वळली?"

"सर ओरडतील म्हणून."

बोलून गेले आणि माझं मलाच ऐकू आलं. माझ्या हातात भरलेलं पिस्तूल होतं आणि मी त्याला भ्याले नव्हते. मी पाठीमागच्या माणसाला भ्याले होते. पिस्तुलाची भीती असती तर नळी हललीच नसती.

"मला शिकवाल?" मी विचारलं.

"मी शिकवणारा नाय. मी दुरुस्त करणारा." काकांनी माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं, जसं पंपाकडं बघतात. "पण तुझ्यात काय बिघडलंय ते दिसतंय."

पहिला महिनाभर पिस्तूल नव्हतंच. त्यांनी मोडक्या फवारणीच्या दांडीची मूठ कापून दिली. ती समोर धरायची. भिंतीवर खडूनं ठिपका. काका मागं. आणि अचानक ते तेलाच्या डब्यावर पाना आपटायचे. किंवा ओरडायचे, "ए पोरी! अक्कल हाय का?" मी वळायचं नाही. मुठीवरचं बोट सोडायचं, नळी समोर ठेवायची, डावा हात वर करायचा, आणि उभं राहायचं. ते चालत येईपर्यंत. बस्स, एवढाच धडा.

पहिल्या दिवशी मी अकरा वेळा वळले. कुणी ओरडलं की वळायचं, हे आमच्या हाडात भिनलेलं आहे. बाजारात कुणी गाडीतून "ए फूलवाली" म्हणालं की आई वळते. शाळेत "ए माळ्याच्या" म्हणालं की आम्ही वळायचो. न वळणं हे कुणी शिकवलेलंच नाही. नाक्यावरचे रिक्षावाले बघायला थांबायचे, हसायचे. एक जण म्हणाला, "काका, पोरीला कुठं पाठवताय, बॉर्डरवर?" काका म्हणाले, "तू मागून हॉर्न वाजव. तेवढीच मदत." तो खरंच रोज येऊन वाजवायला लागला. पंधराव्या दिवशी मी एकदाही वळले नाही. हॉर्न वाजत राहिला, मूठ समोरच होती.

मग कॉलेजच्या जिमखान्याच्या मॅडमना विचारलं. कपाटात एक जुनं एअर पिस्तूल पडलेलं होतं, हवा धरत नाही म्हणून. काकांनी त्याला नवं वायसर बसवलं. पण मला देण्याआधी आख्खं उघडून दाखवलं. ट्रिगर आत कुणाला ढकलतो, ते कुणाला सोडतं, हवा कुठून येते. एवढासा पोलादाचा तुकडा केसभर सरकतो आणि गोळी जाते. "यातलं काय ओढायचं दिसतंय?" काकांनी विचारलं. काहीच दिसत नव्हतं. सगळं फक्त सरळ मागं दाबायचं होतं. "तू ओढती. बोट पार आतवर घालती आणि ओढती. म्हणून खाली डावीकडं जाती." दीड वर्षांचा माझा प्रश्न त्यांनी चहा संपायच्या आत सोडवला. सरांनाही उत्तर ठाऊक असणारच. फक्त ते माझ्यावर खर्च करायची त्यांची तयारी नव्हती.

मॅडमनी बॅडमिंटनचा हॉल दुपारचा मोकळा करून दिला आणि स्वतः दाराला कडी घालून बसायला लागल्या. कोण येईल-जाईल नको म्हणून. खडूचा ठिपका गेला, कागद आला. आधी रिकामं पिस्तूल, दिवसाला शंभर वेळा. लक्ष्य धूसर दिसू दे, नळीच्या टोकावरची नेम धरायची साईट स्वच्छ दिसली पाहिजे. हात थकला की थांब, जिद्द करू नको, थकलेला हात खोटं शिकतो. असं काका सांगायचे. मी विचारलं की उत्तर मिळायचं. एकच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला तरी मिळायचं. मला सुरुवातीला विश्वास बसायचा नाही. शिकणं इतकं साधं असतं? त्यात कुणाला लहान करावं लागत नाही?

पण भीती गेली, असं मी म्हणणार नाही. खोटं कशाला बोलू? आजही छर्रा ठेवण्याआधी मी खाचेत तीनदा बघते. पिवळा फ्रॉक मनात असतोच, आणि तो तिथं राहिलेला बरा.

यंदा नवरात्र बसलं आणि आईच्या फोनवर क्लबातून फोन आला. शिपाई होता. "मावशी, यंदाही फुलं आणा. सर म्हणाले, तोरणं तुम्हीच बांधा."

आईनं फोनवर हात ठेवून माझ्याकडं बघितलं. "पाठवू या का गं? वैर कशाला?"

मग मी आईला सांगितलं. वर्षभर पोटात ठेवलेलं. ती पूजा नव्हती आई. ती माझी थट्टा होती. आणि तू हात जोडलेस तेव्हा तुझी.

आई शेवंती निवडत होती. तिचे हात थांबले नाहीत.

"मला कळलं होतं," ती म्हणाली. "हसले तेव्हाच कळलं. तुला वाईट वाटेल म्हणून बसमध्ये तसं बोलले."

वर्षभर ती मला सांभाळत होती आणि मी तिला. दोघी एकमेकींपासून एकच गोष्ट लपवत होतो. मला इतकी लाज वाटली आणि इतका संताप आला की मी फोन तिच्या हातातून घेतला.

"फुलं येणार नाहीत."

शिपाई गडबडला. पलीकडं आवाज बदलला. खणखणीत. सर.

"काय गं, मोठी झालीस वाटतं?"

भीती वाटलीच. वर्ष झालं तरी.

"हो सर. फुलं हवी असतील तर बाजारात मिळतील. आई तिथं बसते."

"आणि तू?"

"मी जिल्हा स्पर्धेचा फॉर्म भरलाय. तुमच्याच क्लबाच्या रेंजवर आहे. रेंज ऑफिसर तुम्हीच आहात, असं यादीत वाचलं."

मग हसणं. तेच. "ये. येताना एक फूल घेऊन ये."

मी फोन ठेवला. आईनं माझा हात धरला नाही. तिनं त्यात निवडायला शेवंती दिली.

परवा स्पर्धा आहे. मला भीती वाटतेय, सरळ सांगते. तीच खोली, तीच रेंज. खुर्च्यांवर तीच माणसं असतील. कदाचित ती मुलगीही असेल, वर्षानं मोठी झालेली. माझ्या मागं तेच सर, रेंजवरची शिस्त बघणारे ऑफिसर म्हणून, नियमांचं पुस्तक हातात घेऊन. माझं पिस्तूल कॉलेजचं, जुनं, काकांच्या वायसरवर चालणारं. ते ऐन वेळी हवा सोडू शकतं. काका स्वतःच म्हणाले, "भरवसा देत नाय."

तर समजा, गोळी सुटली नाही.

मागून कुणी हसेल. कुणी ओरडेल. सर म्हणतील, काय झालं गं, इकडं बघ. मी बघणार नाही. बोट बाहेर काढीन. नळी समोर ठेवीन. डावा हात वर करीन आणि उभी राहीन. लागेल तेवढा वेळ. नियमच आहे तो, त्यांच्याच पुस्तकातला, त्यांनी मला कधी न सांगितलेला. खेळाडूनं जागा सोडायची नाही, वळायचं नाही. ऑफिसरनं यायचं.

त्यांना खुर्चीवरून उठावं लागेल. सगळ्यांदेखत चालत माझ्यापर्यंत यावं लागेल आणि विचारावं लागेल, काय अडचण आहे.

तोवर माझा हात खाली येणार नाही.